बारावी आखाजी

शाळेत मी दोन वर्षं गेलो, आणि दोन्ही वर्षं पहिलीतच होतो. शेवटी मास्तरांनी वडिलांना सांगितलं, "हा बसतो तिथे दुसऱ्या पोराची जागा अडते, घेऊन जा." वडिलांनी उचलून आमच्या पिठाच्या गिरणीत बसवलं. गिरणीत वाचायचं काही काम नसतं. डबा कोणाचा ते झाकणावरून कळतं, ज्वारी का बाजरी ते हात घातला की कळतं, आणि उरलेला वेळ तोंड चालवायचं. ते मला येत होतं. पट्ट्याच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज असा झाला, की बायको म्हणायची, यांना कानात सांगितलेली गोष्ट नरडाण्याच्या स्टेशनवर ऐकू जाते. आणि नरडाणा आमच्या गावापासून सायकलने अर्धा तास.

घरात आम्ही दोघे भाऊ. मोठा तो, आमच्याकडे घरातल्या मोठ्याला आबा म्हणतात, म्हणून तो आबा. लहानपणी त्याला मेंदूचा ताप आला. मी तेव्हा पाळण्यात होतो. ताप उतरला, पण आबाची समज तिथेच थांबली आणि हात आखडले. चाळिशी आली, मिशी आली, टक्कल पडायला लागलं, तरी घास स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत जाईना. बोलायचा नाही. दोन-तीन आवाज काढायचा, त्यात हसण्याचा सगळ्यात मोठा. गावातले म्हणायचे, "देवाने मोठ्याला दिलं नही, ते बठ्ठं धाकल्याले दिलं." बठ्ठं म्हणजे सगळं. मी खूश व्हायचो. मला वाटायचं अकलेबद्दल बोलतात. ते तोंडाबद्दल बोलत होते, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

आई होती तोवर आबाचं सगळं आईने केलं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि आई गेली. मग आंघोळ माझ्याकडे आली आणि जेवण बायकोकडे गेलं. आंघोळ मी कशी घालायचो सांगतो. दोन बादल्या, एक साबण, पाच मिनिटं, पोळ्याला बैल धुतात तसं. आणि गिरणीत जाऊन सांगायचो, "भावाचं सगळं मीच करतो ना भो." सगळं म्हणजे ती पाच मिनिटं. त्याच्या जेवणाच्या वेळेला मी घरी कधी नसायचोच. सकाळी गिरणी, दुपारी गिरणी, संध्याकाळी गिरणी बंद करून मारुतीच्या पारावर.

माझी बायको मुक्ताईनगरकडची, केळीच्या मुलखातली. तेव्हा आम्ही एदलाबादच म्हणायचो. सुरुवातीला तिची बोली ऐकून आमच्या गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. ती आली तेव्हा मोठी हसरी होती म्हणतात. म्हणतात म्हणजे अक्का म्हणायची, आमच्या शेजारची म्हातारी. मी लक्ष दिलं नव्हतं. मी माझेच विनोद सांगत होतो.

आता आखाजीचं सांगतो. अक्षय तृतीया सगळीकडे असते, पण खान्देशात ती आखाजी. आमच्याकडे लेकीला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. आखाजीला सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. झाडांना झोके बांधतात, बाया झोक्यावर गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. पितरांची घागर भरतात. आणि पुरुष माणसं सगळी लाजलज्जा सोडून पत्ते खेळतात. त्या दिवशी कोणी कोणाला त्यावरून बोलत नाही. लेकीला न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात.

माझ्या बायकोचा भाऊ माझी आई गेल्यानंतर चार वर्षं मुराळी म्हणून आला. भुसावळहून पॅसेंजरने यायचा, ओट्यावर बसायचा, चहा प्यायचा. बायको आबाकडे बघायची आणि म्हणायची, "यंदा नाही जमत." तो संध्याकाळच्या गाडीने एकटाच परत जायचा. पाचव्या वर्षी तो आला नाही, निरोप आला. नंतर निरोपही बंद झाला. मला वाटलं, चला, बिचाऱ्याची उन्हातली खेप वाचली. एवढी माझी अक्कल.

नव्वदीच्या आसपास आमच्या गावात ती ताई यायला लागली. धुळ्याच्या एका संस्थेकडून यायची. दर बुधवारी दुपारच्या एस.टी.तून उतरायची, खांद्याला कापडी झोळी, डोक्यावर काळी छत्री. लग्न न झालेली पोर, आणि भर उन्हात घराघरात जाऊन विचारायची, "तुमच्या घरात कोणी असं आहे का, ज्याला चालता येत नाही, दिसत नाही, समजत नाही?" लोकांना वाटलं सरकारी गणती आहे, तर अर्ध्यांनी लपवून ठेवलं. मी नाही लपवलं. मी म्हणालो, "ताई, ज्याला समजत नाही असे आमच्या घरात दोन आहेत. एक आत बसलाय, दुसऱ्याशी तुम्ही बोलताय."

ती हसली नाही. वहीत लिहायला लागली. मी घाबरलो, म्हटलं, "ताई, दुसरा नका लिहू."

मग हसली. पण ती आबाला बघायला आत गेली आणि फार वेळ आबाकडे बघितलंच नाही. बायकोकडे बघत होती. मला तेव्हा कळलं नाही की ही पोर आमच्या गावात आजारी माणसापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला शोधत फिरते.

दर बुधवारी गिरणीच्या ओट्यावर बैठक व्हायला लागली. लाईट त्या दिवशी दुपारी हमखास जायची, गिरणी बंदच असायची, म्हणून ओटा मी दिला. त्यातही मी गावाला सांगितलं की समाजासाठी धंदा बंद ठेवतो. पाच-सहा घरच्या बाया यायच्या. अक्का यायची. अक्काची लेक तिशीची, तिचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. ती हातमशीनवर झंपर शिवायची आणि तिच्या जिभेला शिलाईमशीनच्या सुईपेक्षा जास्त धार होती. तिला दोघी जणी पाटावर बसवून उचलून आणायच्या. आबालाही आणायचे, तो गोणपाटावर बसून पिठात बोटं बुडवायचा.

अशाच एका बैठकीत, चैत्र चालू होता, ताईने एकेका बाईला विचारलं, "तुम्ही स्वतःसाठी म्हणून शेवटचं कुठे गेला होतात?"

एक म्हणाली, बाजारात. एक म्हणाली, दवाखान्यात. ताई म्हणाली, "ते नाही. तुमच्यासाठी."

माझी बायको पदराआडून म्हणाली, "आखाजीला माहेरी गेले होते. त्याला अकरा आखाज्या झाल्या."

मोजलेल्या होत्या तिने. मी त्या क्षणी गप्प बसायला पाहिजे होतं. पण समोर दहा माणसं बसली आणि मी गप्प, असं कधी झालंच नव्हतं. मी म्हणालो, "मी तर जन्मात एकदाही माहेरी गेलो नाही, माझं कोणी लिहीत नाही."

कोणी हसलं नाही. आबा हसला, पण तो पिठाला हसला होता.

ताई म्हणाली, "या आखाजीला जातील त्या. चार दिवस. आबांना गल्ली सांभाळेल. एकेक दिवस एकेक घर."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "पापडासारखं का ताई?" आमच्याकडे उन्हाळ्यात पापड असेच होतात. आज हिच्या घरी सगळ्या जणी लाटायला, उद्या तिच्या घरी. कोणी कोणाला नाही म्हणत नाही, कारण उद्या आपलं पीठ भिजणार असतं. ताई म्हणाली, "अगदी पापडासारखं." मग सगळ्यांना ते समजलं. माणूस सांभाळायची पाळी आम्ही कधी ऐकली नव्हती. पापडाची पाळी ठाऊक होती.

ताईने कागदावर लिहिलं. मंगळवारी शेजारची सून. बुधवारी अक्का. गुरुवारी, म्हणजे खुद्द आखाजीला, पोलीस पाटलाची सून. शुक्रवारी पलीकडच्या गल्लीतली सून. कागद गिरणीच्या भिंतीला चिकटवला. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून मान हलवायचो. दळायला आलेल्या माणसाला म्हणायचो, "वाचा, वाचा, कसं पक्कं काम शे." मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांनी वाचलं आणि तेही मान हलवून गेले.

बायकोची एकच अट होती. "त्याची दोन जेवणं चुकली, तर तिसऱ्याची वाट बघायची नाही. मला निरोप पाठवायचा. मी निघून येईन." तिच्या गावात केळीच्या व्यापाऱ्याकडे फोन होता, तो नंबर तिने चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घातला. मी म्हणालो, "चार दिवस काय, महिनाभर राहा. जेवू घालणं म्हणजे काय, गिरणीत दाणे टाकतात तसं वरून टाकायचं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी खिशातली चिठ्ठी पुन्हा एकदा चाचपली.

मंगळवारी सकाळी तिचा भाऊ आला. इतक्या वर्षांनी त्याला ओट्यावर बघून मला खरंच बरं वाटलं. नरडाण्याच्या स्टेशनवर मी त्यांना सोडलं. आमची दोन्ही पोरं खिडकीला, बायको त्यांच्या मागे. गाडी हलली तरी ती हात करीत नव्हती, हाताने खूण करीत होती. तोंडाकडे बोट, मग दोन बोटं. दोन जेवणं.

घरी आलो आणि शेजारी गेलो. त्या सुनेच्या सासूबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "सूनबाई कुठे? आज तिची पाळी."

सासूबाई म्हणाल्या, "ती माहेरले गयी ना भाऊ. आखाजी शे."

मी पोलीस पाटलाकडे गेलो. सून माहेरी. पलीकडच्या गल्लीत गेलो. सून माहेरी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आखाजीला एका बाईला माहेरी पाठवायचं म्हणून आम्ही जो कागद केला, त्याच्यावर तीन सुना लिहिल्या, आणि आखाजीला गावात एकही सून राहत नाही! ताई संस्थेपुरती धुळ्याला आलेली, मूळची बाहेरच्या मुलखातली, तिला कसं ठाऊक असणार? पण आम्ही? पाच-सहा बाया, मी, सगळं गाव तो कागद वाचून गेलं. तिन्ही सुनांनी तर तोंडभर हो म्हटलं होतं. नंतर एकीला विचारलं, तर म्हणाली, "ताई इतली प्रेमानं सांगी राहिनती, नही कसं म्हणू?"

गावात लेकी आलेल्या होत्या. पण माहेरी आलेल्या लेकीला कोणी काम सांगत नाही, तो आमच्याकडे गुन्हाच. राहिली अक्का, आणि मी.

मंगळवारी दुपारी अक्का भाकर कुस्करून, वरणात कालवून घेऊन आली. तिने पन्नास वर्षं लेकरं जेवू घातलेली. आबासमोर बसली, घास पुढे केला. आबाने तोंड घट्ट मिटलं. अक्काने लाडाने म्हटलं, रागाने म्हटलं. आबा दाराकडे बघत राहिला. मग मी बसलो. मी गोष्टी सांगितल्या, माकडासारखे हावभाव केले, कोंबडा आरवून दाखवला. आबाला कोंबडा आवडायचा. तो हसला, पण मिटल्या तोंडाने हसला. माणूस मिटल्या तोंडाने एवढं हसू शकतो हे मी त्या दिवशी बघितलं.

संध्याकाळी तेच. फक्त पाणी प्याला. दोन जेवणं झाली.

बुधवारी सकाळी तिसरंही नाही. तो ओट्याच्या कडेला बसून होता, ओठ सुकलेले, आणि नजर गल्लीच्या तोंडाशी. मला पहिल्यांदा भीती वाटली. तिकडे बायको अकरा वर्षांनी झोक्यावर बसली असेल, आणि मला तिला तिथून खाली उतरवायचं होतं. मी सायकल काढली. नरडाण्याला एस.टी.डी.चं बूथ नवीनच झालं होतं.

अक्काच्या दारावरून जाताना तिच्या लेकीने मशीन थांबवली. "कोठे चालना भाऊ?"

"फोन करायला. तिला बोलावतो."

"एक दिवस पण व्हयना नही!"

"तो खात नाही ना. काय करू?"

"वहिनी कशी खावाडस त्याले?"

मी म्हणालो, "कशी म्हणजे? हाताने भरवते."

"ते माले बी समजस. कोठे बसस? कोणता हात? काय बोलस?"

अकरा वर्षं माझ्या घरात रोज दोन वेळा जी गोष्ट होत होती, ती मी एकदाही बघितली नव्हती. एवढं बोलणारा माणूस, आणि त्या दिवशी माझ्याजवळ सांगायला एक शब्द नाही. मी खरं तेच म्हणालो, "मला माहीत नाही."

ती मला टोचून बोलेल असं वाटलं. नाही बोलली. आत आईला हाक मारून विचारलं, "माय, तू तं वाड्यामाईन रोज दखस. वहिनी कशी खावाडस?"

अक्काच्या वाड्यातून आमची चूल दिसते. अक्का म्हणाली, "कशी म्हंजे? तोंडवर पदर लिसन. जेठ शे तो तिना."

आमच्याकडे सून जेठाला, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, तोंड दाखवत नाही, त्याच्याशी बोलतही नाही. आबाला काही समजो न समजो, तो मोठा होता. माझ्या बायकोने अकरा वर्षं तोंडावर पूर्ण पदर ओढून, एक शब्द न बोलता, त्याला घास भरवला होता.

अक्काची लेक हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अरे येड्या, आबाले वहिनीनं तोंड माहीतच नही. त्याले पदर माहीत शे!"

अक्का लगेच उठली, तोंडावर पदर घेऊन आबासमोर जाऊन बसली. आबाने पदराकडे बघितलं, पुढे सरकला. मग तिच्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा मागे झाला. अक्का विधवा, हातात बांगडी नाही, घालणारही नाही. सुरकुतलेला हात, आणि आवाज नाही.

लेक दारातूनच ओरडली, "बांगड्या पाहिजेत! भाऊ, तूच बस आते. मी बसते, पण माले उचलीसन कोण बठाडी, आणि गाव काय म्हणी?"

"आणि मी बसलो तर गाव काय म्हणी?"

"तुले तं गाव म्हणसच."

मग मी जन्मात केलं नाही ते केलं. बायकोचं जुनं लुगडं डोक्यावरून घेतलं, हनुवटीच्या खालपर्यंत पदर ओढला. अक्काच्या लेकीने स्वतःच्या बांगड्या काढून दिल्या. त्या माझ्या अंगठ्याच्या पुढे जाईनात. साबण लावला, तरी नाही, एक फुटली. शेवटी तिने त्या दोऱ्यात ओवून माझ्या मनगटाला बांधल्या. मी ताट घेऊन आबासमोर बसलो. बांगड्या वाजल्या. आबाने "हं" केलं. मी घास पुढे नेला आणि खुशीत म्हणालो, "हे बघ आबा, खा रे बाबा..."

तोंड बंद.

"बोलू नको!" अक्काची लेक तिच्या दारातून ओरडली.

पदर जमला, बांगड्या जमल्या, गप्प बसणं जमेना. मी ओठ दाताखाली धरले. पदराच्या आतून काय दिसतं माहीत आहे का? ताट दिसतं, आपला हात दिसतो, समोरच्याची हनुवटी दिसते. बाकी सगळं लाल. चैत्र-वैशाखाचं ऊन, चुलीचा धूर बसलेलं लुगडं, नाकाला घाम, आणि खाजवायचं तर हात खरकटा. माझा जीव पाच मिनिटांत गुदमरला. आणि तेवढ्यात समोर आबाने तोंड उघडलं.

मी पहिला घास घातला. दुसरा घातला. तो भराभर खायला लागला, इतका की मला कुस्करायला वेळ पुरेना. माझ्या पदराच्या आत मी काय करत होतो ते सांगत नाही. पदर असण्याचा एक फायदा असतो एवढंच सांगतो.

नेमका तो बुधवार. दुपारच्या एस.टी.ने ताई आली. ओट्यावर चढली आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही गेला नाहीत?"

मी बोलू शकत नव्हतो, मान हलवली. ताई वाकून माझ्या पायांकडे बघायला लागली. गिरणीवाल्याचे पाय, टाचांच्या भेगांत पीठ भरलेलं. ती मटकन खाली बसली. अक्काच्या लेकीने तिला सगळं सांगितलं, कागदाचं पण सांगितलं. ताईने कपाळाला हात लावला. म्हणाली, "माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

अक्का म्हणाली, "तुनं काय चुकनं माय? तुले सासरच नही."

त्या दिवशी ताई संध्याकाळच्या एस.टी.ने गेली नाही, अक्काकडे राहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या गावची आखाजी खेळली. झोक्यावर बसवलं लेकींनी तिला. छत्री घेऊन उन्हात फिरणारी ती पोर झोक्यावर एवढ्याने किंचाळत होती, की आबा ऐकून आखडलेले हात एकमेकांवर आपटायला लागला. ताई आमच्याकडे आणखी चार-पाच वर्षं येत होती. मग संस्थेचं काम दुसऱ्या तालुक्यात गेलं आणि एका बुधवारी ती एस.टी.तून उतरली नाही. आम्ही ओट्यावर बसून होतो. पुढचे कितीतरी बुधवार बाया तशाच येऊन बसायच्या, काही नाही तर लसूण सोलायच्या. आता ना ती गिरणी आहे ना आबा. पण अजूनही बुधवारी दुपारी लाईट गेली की मला आपोआप ओटा झाडावासा वाटतो.

तर, त्या आखाजीच्या दिवशी मी ओट्यावर, दारातच पदर घेऊन आबाला आमरस भरवत होतो. आत भलतं गरम व्हायचं म्हणून ओट्यावर आलो होतो, ती चूक झाली. पत्ते खेळणारे पारावरून उठून बघायला आले.

"काय भो, नवी नवरी कधी आनी?"

"वहिनी, पानी द्या ना जरा!"

"आरे, मिशी दिसी राहिनी, पदर सांभाळ!"

आणि मला एकालाही उत्तर देता येत नव्हतं. ज्या माणसाने अख्ख्या गावाची टर उडवली, तो तोंड शिवून बसला होता. गावाने वीस वर्षांचं उट्टं त्या एका दुपारी काढलं. पण एक सांगतो, संध्याकाळी त्यातलाच एक, पत्त्यांत सगळ्यात मोठ्याने हसणारा, येऊन म्हणाला, "उद्या मी बठू का? मना घरमा बी माय शे, अंथरुणवर. तिले कोण खावाडस, माले बी माहीत नही."

शुक्रवारी संध्याकाळी वाऱ्याने माझा पदर उडाला. हात खरकटे, धरता येईना. आबाने मला पूर्ण बघितलं. मिशी, बांगड्या, लुगडं, सगळं. मग त्याने आपलं आखडलेलं बोट उचललं, माझ्या मिशीला लागलेला आमरस पुसला आणि तोंड उघडलं. उरलेलं जेवण मी तसंच, उघड्या तोंडाने भरवलं. पण बोललो नाही. सवय मोडायची नव्हती.

शनिवारी ती येणार होती. आबाला आंघोळ घातली, पाच मिनिटांची नाही, चांगली अर्धा तास. स्टेशनवर गेलो. पॅसेंजर आली, थांबली, गेली. ती उतरली नाही. मी डब्या-डब्यातून बघितलं, गार्डाला विचारलं. तो म्हणाला, मला काय विचारता, बायको तुमची. परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. काही झालं का? आजारी पडली का? का आता येणारच नाही? खरं सांगतो, तेही मनात आलं. आणि त्याच्याबद्दल तिला दोष द्यायला मला जागा सापडेना.

मी अक्काला म्हणालो, "फोन करून विचारू का?"

अक्का म्हणाली, "राही गयी व्हई. राहू दे ना रे. तुले काय भूक लागनी का?"

रविवारी दुपारी ती फाट्यावरून चालत आली. दोन पोरं, डोक्यावर आंब्यांची टोपली, हातात केळीचा फणा. चेहरा उन्हाने रापलेला, आणि कपाळावरून केस सुटलेले. आबा ओट्यावर होता. त्याने ओळखलं नाही, कारण टोपलीच्या वजनाने पदर मागे गेला होता आणि तिचा हात मोकळा नव्हता. तिने टोपली ठेवली, पदर ओढला, बांगड्या वाजल्या. आबा एवढ्याने हसला की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

मी म्हणालो, "काल का नाही आलीस?"

तिने तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. नुसती हवा. पाच दिवस गाणी म्हणून, बोलून, हसून तिचा घसा पार बसला होता. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. ती म्हणाली, "निरोप नाही आला ना तुमचा. म्हटलं, जेवतोय तो. म्हणून राहिले एक दिवस."

"जेवतोय ना. रोज जेवतोय."

"कोणाच्या हातानं?"

मी उत्तर द्यायच्या आधी अक्काच्या लेकीने मशीन थांबवली आणि दारातून सगळं सांगितलं. लुगडं, साबण, फुटलेली बांगडी, मिशी, पारावरचे पत्तेवाले, काही म्हणून सोडलं नाही. बायको ओट्यावर बसून ऐकत होती. हसायला लागली. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात पोटाला. अक्का मला मागे सांगायची ना की ही हसरी होती. तेरा-चौदा वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा नीट बघितलं.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "पुढच्या आखाजीला मग किती दिवस?"

बोलता येत नव्हतं, म्हणून तिने एका हाताची पाचही बोटं वर केली. थोडा विचार केला, आबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या शेजारी आणून लावलं.